चौकडी जुळवताना

कॅम्पातल्या माझ्या दुकानात
भरमाण्णा हुंदरे आला, किणयेहून, सायकलवरून.
कॅरियरला चादरीत बांधलेलं गाठोडं.
आत वाद्य, त्याचं पोट फाटलेलं.

"कव्हर उसवलंया. शिव.
खरं चौकडी मोडू नको."

मी शिंपी. एकतीस वर्षं
सेंटरच्या भिंतीपलीकडच्या खांद्यांची मापं घेतली.
साधं कापड कसंही कापा, निभून जातं.
चौकडीला एक बोटाची चूक झाली
की हिरवी रेघ हिरवीला भेटत नाही,
तांबडी जाऊन निळीच्या दारात उभी राहते
आणि आतला माणूसच वाकडा दिसतो.
म्हणून कापड जास्त लागतं.
चिंध्या मी पोत्यात भरून ठेवतो.

बाकावर माझा भाचा साईश.
मोबाईलवरून मान न काढता म्हणाला,
"मामा, कुठल्या थंड डोंगरातल्या
कुठल्या कुळाची ही चौकडी,
आपल्या पोरांच्या काखेत कशाला?
साहेब गेले. हेही जाऊ दे की आता.
शिंग आहे, तुतारी आहे, हलगी आहे."

भरमाण्णानं चहा बशीत ओतला.
फुंकर घातली. लांब.
साय पलीकडच्या काठाला जाऊन बसली.

"आमच्या गावात शिद्राम कोरवी होता.
सनई तो वाजवायचा, सूर त्याचा भाऊ धरायचा.
एकच सूर. अक्षता पडून पंगत उठेपर्यंत.
गाल फुगलेले, श्वास नाकातनं आत, तोंडातनं बाहेर,
मधी खंड नाही.
मी भरती झालो. बँड हवालदारानं पिशवी काखेत दिली,
तीन नळ्या खांद्यावर टाकल्या, म्हणाला, दाब.
दाबली,
तर आतनं शिद्रामचा भाऊ ओरडला."

"म्हणजे ते आपलंच?" साईश.

"आपलं कसं असंल गा?
आणि ही लोकर तर मला कधीच आवडली नाही.
एप्रिलात परेडला उभं राहून बघ, कुसळागत टोचती.
रंग कुणाचे, कुणी ठरवले, आम्हाला कुणी विचारलं?
काढा म्हटलं तर काढतील. काढू देत.
खरं..."

इथं तो थांबला. मी मशीनचं चाक हातानंच धरलं.

"बैलहोंगलाकडं एका गावात पेटी घेऊन गेलो होतो.
पोरगं तेवीसचं. मी वाजवलं, जे वाजवायचं असतंय ते.
संपल्यावर म्हातारी माझ्याकडं आली, पेटीकडं नव्हे.
पिशवीवर हात ठेवला.
आत हवा उरली होती, ती कण्हली.
उसिरु, म्हणाली म्हातारी. श्वास.
मी कानडी बोलतो, बाजारापुरतं.
हा शब्द बाजारात लागत नाही."

साईशनं मोबाईल उलटा ठेवला,
मग थोड्या वेळानं परत सुलटा केला.

पोतं उपसलं. त्या हिरव्याची एक पट्टीसुद्धा नव्हती.
तळाशी वडगावच्या मागावरचं सुती कापड मिळालं,
विणकरानं नमुना म्हणून दिलेलं, घेतलं कुणीच नाही.
तीही चौकडीच. हिरवा मात्र जरा उन्हातला,
भाताच्या तरव्यासारखा.
फासळ्यांकडच्या बाजूला लावली.
रेघेवर रेघ ठेवली, टाचणी, पुन्हा काढली, पुन्हा.
बोललो काही नाही.

त्यानं दारातच वाद्य बांधलं, फुगवलं, कोपरानं दाबलं.
आधी रेडकू हंबरावं तसलं काहीतरी निघालं.
समोरच्या बेकरीतलं गिऱ्हाईक वळलं.
मग तो एक सूर आला आणि हलेना.
साईशनं एका कानात बोट घातलं,
दुसऱ्या हातानं रेकॉर्डिंग चालू केलं.

वाजवून झाल्यावर भरमाण्णानं
न बघता अंगठ्यानं शिवण चाचपली.
अंगठा सुतावर आला, थांबला.
"जुळली?"
"एक सूत सोडून."

पिशवी चादरीत गुंडाळत तो म्हणाला,
"असू दे. डाव्या काखेत कोण बघतंय."